डीव्हीडी माउंट होत नाही? आधी ती वाचली जाते का ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे आणि त्याला यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर जोडलाय. गाण्यांची ऑडिओ सीडी व्यवस्थित वाजते. बाबांच्या एकसष्टीची, स्टुडिओवाल्याने करून दिलेली डीव्हीडी टाकली की माउंट करताना, म्हणजे तिच्यातल्या फाइल उघडता याव्यात म्हणून ती सिस्टिमला जोडताना, 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' असं उत्तर येतं. त्याच दिवशी घरच्या हँडिकॅमवर घेतलेली छोटी, ८ सेंटिमीटरची डीव्हीडी कोरी असल्यासारखी दिसते. मामाच्या लग्नाची व्हीसीडी उघडते, आतली फाइलही दिसते, पण कॉपी करायला गेलं की चूक येते. बिघाड ड्राइव्हमध्ये आहे की लिनक्समध्ये, हे तुम्हाला कळत नाहीये.

बहुधा दोन्हींत नाही. तीन डिस्कांची तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्ही 'माउंट होत नाही' या एकाच तक्रारीत एकत्र आली आहेत. माउंट ही अगदी शेवटची पायरी. तिच्या आधी ड्राइव्हला पुरेशी वीज मिळावी लागते, ड्राइव्हने डिस्क ओळखावी लागते, सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे ठोकळे, वाचावे लागतात आणि वाचलेल्या सेक्टरांत फाइल सिस्टिमची, म्हणजे फाइलींच्या मांडणीची, ओळख सापडावी लागते. आधीची कुठलीही पायरी अडली तरी माउंटचा आदेश बऱ्याचदा तेच एक वाक्य तोंडावर फेकतो. म्हणून माउंटचे पर्याय बदलून बदलून पुन्हा पुन्हा आपटत बसू नका. अडलंय कुठे ते आधी शोधू.

त्याआधी एक कळकळीची सूचना. छोटी डिस्क टाकल्यावर 'कोरी डिस्क आहे, काय लिहायचं?' अशी खिडकी उघडली तर ती बंद करा. फॉरमॅट, ब्लँक, बर्न यांतल्या कशालाही हो म्हणू नका. ती डिस्क कोरी नाही, आणि आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या) प्रकारची असेल तर एका क्लिकने सगळं चित्रण कायमचं जाईल.

खाली आदेशांची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये तीच अक्षरं रोमन लिपीत टाइप करा, 'कॅपिटल' म्हटलं नसेल तिथे स्मॉल लेटर्समध्ये. सुट्या अक्षरांमधल्या रेघा फक्त वाचण्यासाठी आहेत, त्या टाइप करू नका.

पहिला आदेश एल-एस-बी-एल-के. त्याच्या यादीत एसआर०, म्हणजे एस, आर आणि शून्य, असं नाव दिसलं पाहिजे. सीडी असो, डीव्हीडी असो की ब्लू-रे, आजच्या लिनक्समध्ये पहिला ऑप्टिकल ड्राइव्ह याच नावाने येतो. जुन्या लेखांत दिसणारं एचडीसी हे नाव आता विसरा. हे नावच नसेल तर प्रश्न केबलचा, पोर्टचा किंवा ड्राइव्हचा आहे आणि फाइल सिस्टिमचा विचार करण्यात अर्थ नाही. नाव असेल तर त्याच्यासमोरचा आकार बघा. आत डिस्क असूनही तिथे १०२४ एम असा गोल आकडा दिसला, तर ड्राइव्हने डिस्कचा आकार सांगितलेलाच नाही आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, आपला ठरावीक आकडा तिथे ठेवून दिलाय. रिकाम्या ड्राइव्हसमोरही हाच आकडा दिसतो. भरलेल्या मोठ्या डीव्हीडीसमोर ४ जीबीच्या आसपास काहीतरी दिसायला हवं.

मग डी-एम-ई-एस-जी. मिंटच्या हल्लीच्या आवृत्त्यांत त्याच्या आधी सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा आदेश) लावावं लागतं. पुढे डॅश डब्ल्यू लिहिलं की नवे संदेश येतील तसे दिसत राहतात. ही खिडकी उघडी ठेवा, डिस्क आत ढकला आणि मिनिटभर थांबा. खराब डिस्कवर ड्राइव्ह स्वतःच अनेकदा प्रयत्न करतो आणि त्याला वेळ लागतो. तेवढ्यात तीनदा ट्रे उघडून बंद केला तर हाती काहीच लागत नाही. सगळं ठीक असेल तर इथे काही उमटणारही नाही, त्यामुळे शांततेला घाबरू नका.

काय उमटतं, यावरून पुढची वाट ठरते.

'रिसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' किंवा 'यूएसबी डिस्कनेक्ट' अशा ओळी आल्या तर बहुधा वीज कमी पडतेय. यूएसबी २ च्या पोर्टवर ५०० मिलिअँपियर आणि यूएसबी ३ च्या पोर्टवर ९०० मिलिअँपियर मिळणं अपेक्षित असतं. बाहेरचे पातळ ड्राइव्ह डिस्क वेगात आणताना यूएसबी २ च्या मर्यादेपेक्षा जास्त ओढतात. हब काढा, ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टला आखूड केबलने जोडा, किंवा दोन पोर्टांतून वीज घेणारी वाय केबल वापरा. ऑडिओ सीडी वाजते म्हणून वीज पुरेशी आहे असं समजू नका. गाणं वाजवायला सीडी सावकाश फिरली तरी चालते.

'नो मीडियम फाउंड' आलं तर ड्राइव्हला डिस्क दिसतच नाहीये. इथेही ऑडिओ सीडीचा पुरावा पुरत नाही. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो आणि डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल. ड्राइव्हमध्ये दोन्हींची सोय वेगळी असते, त्यामुळे एक थकला तरी दुसरा कामाचा राहतो. 'सीडी चालते, डीव्हीडी चालत नाही' ही अगदी नेहमीची अवस्था आहे. ठरवायचं कसं? दुकानातून विकत घेतलेली, छापील सिनेमाची एखादी डीव्हीडी टाकून बघा. ती वाचली गेली तर लाल लेझर जिवंत आहे आणि संशय तुमच्या डिस्कवर जातो. तीही दिसली नाही तर दुसरा ड्राइव्ह मिळवा. माझ्या मते असं काम करणाऱ्याने वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन ड्राइव्ह जवळ ठेवावेतच, कारण एकाने नाकारलेली डिस्क दुसरा वाचतो हे वारंवार घडतं.

'मीडियम एरर' आणि 'अनरिकव्हर्ड रीड एरर' या ओळी म्हणजे डिस्क ओळखली गेली, पण काही सेक्टर वाचता येत नाहीत. तुमच्या स्टुडिओच्या डीव्हीडीबद्दल माझा अंदाज हाच आहे. अशा वेळी 'आय-ओ एरर, डेव्ह एसआर०, सेक्टर' यापुढचा आकडा नीट वाचा. कर्नल सेक्टर ५१२ बाइटचा धरून मोजतं आणि डिस्कवरचा सेक्टर २०४८ बाइटचा असतो, म्हणून त्या आकड्याला ४ ने भागायचं. ६४ आला तर डिस्कवरचा सेक्टर १६. आयएसओ ९६६० या फाइल सिस्टिमची ओळख, 'सीडी००१' ही अक्षरं, बरोबर त्याच सेक्टरात असतात. १०२४ आला तर सेक्टर २५६, म्हणजे यूडीएफ फाइल सिस्टिमचा मुख्य खुंटा. अख्ख्या डीव्हीडीवर बाकी सगळं शाबूत असून एवढेच एक-दोन सेक्टर गेले, तरी माउंट 'राँग एफएस टाइप' म्हणून हात वर करतं. चित्रण तिथेच असतं, फक्त दार सापडत नाही. उलट, जुन्या डेटा सीडीवर अगदी शेवटच्या दोन-चार सेक्टरांवरच चूक येत असेल आणि बाकी सगळं उघडत असेल तर दुर्लक्ष करा. ट्रॅक-ॲट-वन्स (एकेक ट्रॅक सुटा लिहिण्याच्या) पद्धतीने लिहिलेल्या सीडीच्या शेपटीला दोन न वाचता येणारे ब्लॉक असतातच.

डी-एम-ई-एस-जी मध्ये वाचनाची एकही चूक नाही आणि तरी माउंट नाही, तर मात्र लिनक्सकडे बघायचं. सुडो लावून बी-एल-के-आय-डी, डॅश पी आणि पुढे /डेव्ह/एसआर० असा आदेश द्या. उत्तरात यूडीएफ किंवा आयएसओ९६६० आलं, तर डिस्कवरची ओळख वाचता येतेय. मग अडचण बहुतेक वेळा कर्नलच्या मॉड्यूलची, म्हणजे ती फाइल सिस्टिम वाचणाऱ्या त्याच्या जोडभागाची, असते. कर्नल अपडेट झालं आणि मशीन रीस्टार्ट केलं नाही, तर लिनक्सच्या काही डिस्ट्रोंत (प्रकारांत), विशेषतः आर्चमध्ये, चालू कर्नलची मॉड्यूल हार्ड डिस्कवरून निघून गेलेली असतात. रीस्टार्ट करा, बऱ्याचदा तिथेच मिटतं. ऑफिसच्या मशीनवर सुरक्षेच्या नावाखाली यूडीएफ मुद्दाम बंद केलेलं असू शकतं. इ-टी-सी फोल्डरातल्या मॉडप्रोब-डॉट-डी मध्ये तशी ओळ आहे का ते बघा. व्हिडिओ डीव्हीडीवर यूडीएफ आणि आयएसओ ९६६० अशा दोन्ही फाइल सिस्टिम शेजारीशेजारी असतात. एक जखमी असली तर दुसरीने प्रयत्न करता येतो: माउंटला डॅश टी लावून आधी यूडीएफ, मग आयएसओ९६६०, आणि दोन्ही वेळा डॅश ओ आरओ (फक्त वाचण्यासाठी). 'राइट-प्रोटेक्टेड, माउंटेड रीड-ओन्ली' असा इशारा आला तर ती चूक नव्हे, काम झालंय.

टर्मिनलमधून माउंट होतं आणि फाइल मॅनेजरमधून होत नाही, असं असेल तर, काय कुठे माउंट करायचं हे सांगणाऱ्या एफ-एस-टॅब फाइलमध्ये एसआर० किंवा सीडीरॉमची जुनी ओळ पडलेली असते. तिच्यापुढे हॅशचं चिन्ह टाका. एवढंच. आणि ऑडिओ सीडी माउंट का होत नाही हा प्रश्न पुढे कधी पडलाच, तर तिच्यावर फाइल सिस्टिम नसतेच, नुसते ट्रॅक असतात.

आता तुमच्या एकसष्टीच्या डीव्हीडीकडे येऊ. माझा नियम असा की परत न मिळणारी डिस्क माउंट करायचीच नाही, आधी तिची अख्खी प्रतिमा (इमेज), म्हणजे सगळ्या सेक्टरांची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, हार्ड डिस्कवर उतरवायची. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर.

उतरवण्याआधी डिस्क धुवा. साधं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि मायक्रोफायबरचं किंवा धुऊन मऊ झालेलं सुती कापड. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही. माहिती गोल वळणाने लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक वळणाचा छोटासा तुकडा खातो आणि दुरुस्तीचे जादा बाइट तो भरून काढतात. वळणाच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती खातो आणि तिथे दुरुस्ती थकते. थिनर, पेट्रोल, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका.

स्टुडिओवाल्यांनी वर फोटोचा कागदी स्टिकर चिकटवलेला असतो, तो सोलायचा मोह टाळा. सीडीत माहितीचा थर थेट वरच्या छपाईखाली असतो, त्यामुळे स्टिकरबरोबर माहितीच निघून येते. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जरा सुरक्षित. पण ओढताना चकत्या वाकतात, आणि जुन्या डिस्कला तेवढंही नको. स्टिकरमुळे डिस्क थरथरत असेल तर वेग कमी करून बघा: इजेक्ट, डॅश एक्स आणि पुढे २. काही ड्राइव्ह हा आदेश पाळत नाहीत. जे पाळतात तेही डिस्क बदलली की विसरतात, म्हणून डिस्क आत गेल्यावरच द्या.

प्रतिमेसाठी ग्नू डीडीरेस्क्यू वापरा. मिंट, उबुंटू आणि डेबियनमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, आदेश मात्र नुसता डीडीरेस्क्यू. साधा डीडी वापरू नका, तो पहिल्या चुकीवर थांबतो. हार्ड डिस्कवर ५ जीबी मोकळी ठेवा, कारण एकथरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. पहिली फेरी अशी: डीडीरेस्क्यू, डॅश एन, डॅश बी २०४८, मग /डेव्ह/एसआर०, मग प्रतिमेचं नाव, उदाहरणार्थ एकसष्टी डॉट आयएसओ, आणि शेवटी नकाशाच्या फाइलचं नाव, एकसष्टी डॉट मॅप. ही फेरी सहज वाचता येईल ते सगळं आधी उचलते आणि अडलेल्या जागा नकाशात नोंदवून पुढे जाते. खराब होत चाललेल्या डिस्कबाबत हाच क्रम योग्य, कारण चांगला भाग आधी सुखरूप होतो.

दुसऱ्या फेरीत डॅश एन काढा, त्याऐवजी डॅश डी आणि डॅश आर ३ घाला. बाकी नावं तीच ठेवा. आता तो फक्त राहिलेल्या जागांवर परत जाईल. रात्रभर लागली तरी लागू द्या.

खरी गंमत यापुढे आहे. तीच डिस्क मित्राच्या ड्राइव्हमध्ये टाका आणि तोच आदेश त्याच प्रतिमेवर, त्याच नकाशावर चालवा. पहिल्याला न जमलेले सेक्टर दुसरा भरतो, कारण प्रत्येक ड्राइव्हची भिंगं, लेझर आणि चूकदुरुस्तीची पद्धत वेगळी असते. तिसरा मिळाला तर तिसराही लावा. मात्र नकाशाची फाइल पुसली गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, तेव्हा ती जपा.

शंभर टक्के भरण्याचा हट्ट धरू नका. डीव्हीडीवरचं चित्रण एमपीईजी-२ मध्ये असतं, आणि काही सेक्टर गेले तर तेवढ्यापुरती चौकटींची रांगोळी दिसते, आवाज क्षणभर तुटतो आणि पुढे सगळं सुरळीत चालतं. ओवाळणी आणि बाबांचं भाषण मिळालं तर मधला अर्धा सेकंद गेल्याचं दुःख नाही. प्रतिमा तयार झाली की माउंटला डॅश ओ लूप, आरओ देऊन उघडा, आतल्या व्हिडिओ-टीएस फोल्डरातल्या व्हीओबी शेपटाच्या, चित्रणाच्या फाइल उचला. सेक्टर १६ आणि २५६ दोन्ही गेलेच असतील आणि प्रतिमा माउंट होत नसेल, तर फोटोरेक हा प्रोग्राम त्या प्रतिमेवर चालवा. तो फाइल सिस्टिमकडे बघत नाही, थेट चित्रणाच्या खुणा शोधून तुकडे बाहेर काढतो. नावं आणि क्रम जातील. ते तुम्हाला बघून लावावे लागतील.

हँडिकॅमच्या छोट्या डिस्कचं दुखणं वेगळं. ती फायनलाइज केलेली नाही. कॅमेरा रेकॉर्ड करताना चित्रण लिहीत जातो, पण डिस्कवर काय कुठे आहे हे सांगणारी सुरुवातीची माहिती शेवटी, फायनलाइज म्हटल्यावरच लिहितो. म्हणजे पुस्तक छापलंय आणि अनुक्रमणिकेची पानं कोरी आहेत. संगणकाचा ड्राइव्ह तीच पानं आधी उघडतो आणि पुस्तकच नाही म्हणतो.

खात्री करायला डीव्हीडी+आरडब्ल्यू-टूल्स मधला डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो हा आदेश /डेव्ह/एसआर० वर चालवा. 'डिस्क स्टेटस' पुढे 'ब्लँक' असेल तर ती खरोखर कोरी. 'अपेंडेबल' आणि शेवटच्या सेशनपुढे 'इनकम्प्लीट' असेल तर चित्रण आहे, फायनलाइज राहिलंय. 'कम्प्लीट' असेल तर माझा अंदाज चुकला. मग तिलाही वरच्याच मार्गाने न्या. डिस्क ट्रेच्या आतल्या लहान खाचेत बसवा आणि ड्राइव्ह आडवाच ठेवा. डिस्क ओढून घेणाऱ्या, फटीच्या ड्राइव्हमध्ये ८ सेंटिमीटरची डिस्क घालू नका, आत अडकून बसते.

फायनलाइज म्हणजे डिस्कवर लिहिणं, आणि मी लिहिण्याआधी नेहमी वाचून बघतो. म्हणून आधी डीडीरेस्क्यू एकदा चालवा. काही ड्राइव्ह अशा डिस्कवरचं लिहिलेलं जसंच्या तसं देतात, काही साफ नकार देतात. जे मिळेल त्यावर फोटोरेक. नकारच आला तर माळ्यावरचा तो हँडिकॅम शोधा. अडॅप्टर लावून, नुसत्या बॅटरीवर नाही, मेनूतून फायनलाइज करा आणि काम संपेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नका. कॅमेरा बंद पडला असेल तर त्याच कंपनीचा, त्याच काळातला कॅमेरा ओळखीत कुणाकडे आहे का विचारा. दुसऱ्या कंपनीचा बहुधा ती डिस्क स्वीकारणार नाही. फायनलाइजनंतर आत व्हीआरओ शेपटाची एकच मोठी फाइल दिसली तर रेकॉर्डिंग व्हीआर पद्धतीचं आहे. डीव्हीडी-व्हीआर नावाचा छोटा प्रोग्राम त्यातली दृश्यं वेगवेगळी काढून देतो.

राहिली मामाची व्हीसीडी. ती बिघडलेली नाहीये. १९९३ साली आलेल्या या पद्धतीत चित्रणाचे सेक्टर वेगळ्या घडणीचे आहेत: चूकदुरुस्तीची जागाही चित्रणाला देऊन एका सेक्टरात २०४८ ऐवजी २३२४ बाइट कोंबलेले असतात. पहिल्या ट्रॅकवर साधी फाइल सिस्टिम असते, म्हणून डिस्क माउंट होते आणि एमपीईजीएव्ही फोल्डरात एव्हीएसईक्यू०१ डॉट डॅट दिसते. ती कॉपी करायला गेलं की लिनक्स २०४८ चे साधे सेक्टर मागतं, तसे तिथे नसतात, आणि चूक येते. डीडीरेस्क्यूही इथे याच कारणाने उपयोगाचा नाही. व्हीसीडीइमेजर पॅकेज बसवा, डिस्क अनमाउंट करा आणि व्ही-सी-डी-एक्स-रिप हा आदेश डॅश कॅपिटल सी आणि /डेव्ह/एसआर० देऊन चालवा. चालू फोल्डरात एव्हीएसईक्यू०१ डॉट एमपीजी अशी फाइल तयार होईल. ती कुठल्याही प्लेअरवर चालते, वेगळं रूपांतर करायची गरज नाही. एका व्हीसीडीत साधारण सव्वा तासच मावतो, त्यामुळे लग्नाचा सेट बहुधा दोन-तीन डिस्कांचा असेल. प्रत्येक डिस्कसाठी वेगळा फोल्डर करा. सगळ्यांतून त्याच नावाची फाइल निघते आणि एकाच फोल्डरात काढली तर दुसरी पहिलीला पुसून टाकते.